उगमाकाठच्या माणसांचे कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात लोणावळे येथे दिलेले व्याख्यान)



 मी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि त्यापुढे अध्यापनाची पदविका घेऊन अडतीस वर्षे मावळातील प्राथमिक शाळांत मुलांकडून धुळाक्षरे गिरवून घेणारा एक साधा शिक्षक आहे. शास्त्रज्ञ नव्हे, अभियंता तर नव्हेच. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, एका निवृत्त शिक्षकाने घेतलेला एक तास एवढ्याच दृष्टीने आपण हे भाषण ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. तिचा उत्तरार्ध आपले मंडळ मुळीच पाळीत नाही. आपल्या स्मरणिकेत दर वर्षी कुलवृत्तान्त छापले जातात, पाच-पाच पिढ्यांच्या वंशावळी लागतात, आणि त्यांत एखादे नाव गळले तर पुढील सभेत केवढा कल्लोळ होतो, हे अध्यक्ष महाराजांना अनुभवाने ठाऊक आहे. कुळाचा शोध आपण एवढ्या आस्थेने घेतो, तर आज म्हणीचा पूर्वार्धही मोडून नदीच्या मुळाचा शोध घेऊ. कारण ते मूळ आपल्या अंगणात आहे.

इंद्रायणीचा उगम आपल्या लोणावळ्याजवळ, कुरवंडे गावाच्या परिसरातील डोंगरात होतो. नागफणीच्या कड्यावर पावसाळ्यात उभे राहिले असता निसर्गाचा एक मोठा चमत्कार ध्यानी येतो. कड्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब खोपोलीकडे उतरून अरबी समुद्रास मिळतो. आणि त्याच ढगातला दुसरा थेंब चार पावले पूर्वेस पडला, तर तो इंद्रायणीच्या ओंजळीत येतो. मग तो कामशेत, तळेगाव, देहू, आळंदी अशी यात्रा करीत तुळापुरास भीमेला मिळतो, उजनीच्या जलाशयातून पंढरीस जाऊन चंद्रभागा म्हणवून घेतो, आणि पुढे कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरास पोचतो. ज्या पाण्यात वारकरी श्रद्धेने स्नान करतो, ते पाणी प्रथम आपल्या दारावरून गेलेले असते. नदीकाठच्या इतर सर्व गावांना, वरच्या गावाने पाणी बिघडविले, अशी तक्रार करावयास जागा आहे. आपल्याला ती सोय नाही. आपल्या वर कोणतेही शहर नाही. आपल्या वर केवळ डोंगर आणि आकाश आहे. या एका गोष्टीतून आपले कर्तव्य उत्पन्न होते, आणि माझ्या भाषणाचे सारही तेवढेच आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, वाहते पाणी आपोआप शुद्ध होते. ही समजूत अगदीच खोटी नाही. पाण्यात डोळ्यांस न दिसणारे असंख्य जीवाणू असतात. मैला, अन्नाचे कण, साबणाचा मळ इत्यादी सेंद्रिय द्रव्ये हे जीवाणू खाऊन टाकतात. परंतु आपल्याप्रमाणे त्यांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो, आणि तो ते पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूतून घेतात. हा साठा फार थोडा असतो. पंचवीस अंश तपमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. मासळीला सुखाने जगण्यास त्यांतील चार-पाच मिलिग्रॅम तरी शिल्लक लागतो. घाण थोडी असली, तर जीवाणू ती खातात, नदी खडकांवरून उड्या घेत हवेतून पुन्हा प्राणवायू मिळविते आणि हिशेब जुळतो. घाण अधिक झाली की प्राणवायूचे दिवाळे निघते, मासळी मरते, आणि प्राणवायूवाचून जगणारे दुसऱ्या जातीचे जीवाणू माजतात. पाण्याला काळा रंग व सडक्या अंड्याची दुर्गंधी येते ती यांच्यामुळे.

पाण्याची ही प्राणवायूची भूक शास्त्रज्ञ मोजतात. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून, आपल्या देशाच्या प्रघाताप्रमाणे 27 अंश सेल्सियस तपमानात तीन दिवस ठेवतात, आणि तेवढ्या अवधीत किती प्राणवायू खर्च झाला ते पाहतात. स्नानास योग्य अशा नदीत ही भूक दर लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा दंडक आहे. गावाच्या सांडपाण्यात ती दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम असते.

आता थोडे अंकगणित करू. शिक्षकाला त्यावाचून चैन पडत नाही. 2011 च्या जनगणनेत लोणावळ्याची वस्ती सुमारे 58 हजार होती. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोजी 135 लिटर पाणी धरावे आणि त्यांतील शेकडा 80 भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो असे मानावे, हा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे माणशी 108 लिटर. या हिशेबाने 58 हजार वस्तीचे सांडपाणी रोज सुमारे 62 लक्ष लिटर होते. दहा हजार लिटरचे सहाशेहून अधिक टँकर. पर्यटक यांत धरलेले नाहीत. अडीचशे मिलिग्रॅम भुकेचे एक लिटर सांडपाणी केवळ स्वच्छ पाणी मिसळून 3 मिलिग्रॅमवर आणावयाचे, तर त्या स्वच्छ पाण्याची स्वतःची भूक 1 मिलिग्रॅम धरली असता, सुमारे 124 लिटर पाणी लागेल. बासष्ट लक्ष लिटरांना रोज 77 कोटी लिटर लागेल. दर सेकंदास जवळजवळ नऊ हजार लिटरांचा प्रवाह झाला! श्रावणात इंद्रायणीला ही अडचण वाटत नाही. पण चैत्र-वैशाखात नांगरगावच्या पुलावर उभे राहून आपण नदी पाहिली आहे ना? एवढे पाणी तेथे कोठून यावे?

येथे आणखी एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात नदी कृश का होते? लोणावळे, वळवण आणि शिरवते येथील जलाशयांत अडविलेले पाणी घाटाखाली सोडून टाटांनी खोपोलीस वीज निर्माण केली. ते वीजगृह 1915 साली सुरू झाले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि त्यात देशाचे हितच झाले. मात्र पूर्वेस जावयाच्या पाण्याचा मोठा वाटा त्यामुळे पश्चिमेस उतरतो. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या नदीजवळ उन्हाळ्यात स्वतःचे पाणी थोडे उरते, तिच्यात घाण सोडताना आपण दुप्पट संकोच बाळगला पाहिजे, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाची कथा सांगतो. ती सांगितल्यावाचून आपणांस उपदेश करण्याचा अधिकार मला पोचत नाही. मी सेवेत असताना सातवीच्या मुलांना एक प्रयोग दाखवीत असे. काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्यावयाच्या. एकीत डोंगरातील झऱ्याचे पाणी काठोकाठ भरावयाचे, दुसरीत वस्तीखालच्या ओढ्याचे. दोहींत मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचे थेंब टाकून घट्ट बूच लावावयाचे आणि बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवावयाच्या. पाण्यातील प्राणवायू संपला की हा निळा रंग उडतो. झऱ्याची बाटली अनेक दिवस निळीच राही. ओढ्याची बाटली एक-दोन दिवसांत पांढुरकी पडे. मुलांना मोठे नवल वाटे.

एके वर्षी एका चौकस मुलाने विचारले, "गुरुजी, पाणी नेमके कोठे बिघडते ते आपण पाहू या का?" मलाही कल्पना आवडली. रविवारी सात-आठ मुलांना घेऊन मी ओढ्याच्या काठाने वर निघालो. ठिकठिकाणी बाटल्या भरल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या. वाटेत घरांच्या मागील बाजूंनी बाहेर आलेले नळ मोजू लागलो. एक, दोन, पाच, नऊ. दहाव्या नळापाशी तोच मुलगा थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, हे आपले घर ना?" बंधुभगिनींनो, तो नळ माझ्याच घराचा होता. माझ्या शौचकूपाच्या टाकीचे वरचे पाणी वीस वर्षे त्या ओढ्यात पडत होते. घर बांधताना गवंड्याने तसे केले आणि मी कधी मागे जाऊन पाहिले नाही. मुले काही बोलली नाहीत. मुले अशा वेळी फार समंजसपणे वागतात. परंतु त्या दिवशी वर्गात कोण शिकला आणि कोणी शिकविले, हे मी पुढे जन्मभर विसरलो नाही.

त्याच सुमारास माझ्या कन्येच्या सासरी धाकट्या नातवास कावीळ झाली. तिचे गाव इंद्रायणीच्या काठी, आपल्या खाली आहे. काविळीचे काही प्रकार मैलामिश्रित पाण्यातून पसरतात, हे आपण जाणताच. ती कावीळ कोठून आली हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. आणि माझ्याच नळामुळे आली असे मीही म्हणत नाही. मुलगा ईश्वरकृपेने बरा झाला. परंतु त्याच्या उशाशी बसलो असता माझ्या डोळ्यांसमोरून तो दहावा नळ हालेना. आपण आपल्या लेकी कामशेत, वडगाव, तळेगाव, देहू येथे देतो. लग्नात त्यांना साडीचोळी देतो, दिवाळीस फराळाचे डबे पाठवितो. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आपण त्यांना पाणीही पाठवीत असतो, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की घरामागे सेप्टिक टाकी असली की काम संपले. या टाकीत जड मळ तळाशी बसतो, हलका वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेर पडते. एवढ्याने पाण्याची प्राणवायूची भूक तिसऱ्या हिश्श्याने, फार तर निम्म्याने कमी होते. रोगजंतू तर बहुतेक तसेच राहतात. म्हणून ते पाणी शोषखड्ड्यात मुरवावे आणि मातीने त्याची पुढील शुद्धी करावी, अशी मूळ योजना आहे. परंतु आपल्याकडे वीतभर मातीखाली काळा कातळ लागतो, आणि पावसाळ्यात जमीन इतकी तुडुंब भरते की खड्डा पाणी शोषण्याऐवजी उलट ओकू लागतो. मग कोणीतरी एक नळ काढून ओढ्याला लावतो. शिवाय टाकीतील गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. तो न उपसल्यास टाकी ही नुसती घाणीची वाट होऊन बसते. आपल्या टाकीचे झाकण शेवटचे कधी उघडले, हे येथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल?

यावर खरा उपाय म्हणजे सांडपाण्याचे शुद्धीकरण. हा काही जादूचा प्रयोग नव्हे. नदी जे काम मैलोगणती वाहून करते, ते आखूड जागेत व थोड्या वेळात करून घ्यावयाचे, इतकेच. प्रथम जाळ्यांतून चिंध्या, प्लास्टिक, काटक्या अडवितात. नंतर एका हौदात वाळू व खडे बसू देतात. मग मुख्य हौदात यंत्राने हवा खेळवितात, त्यामुळे प्राणवायूची ददात न पडता जीवाणू भराभर वाढून मळ खातात. त्यांचे पुंजके होऊन गाळासारखे तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी राहते. त्या गाळाचा काही भाग विरजणाप्रमाणे परत मुख्य हौदात सोडतात. भगिनींनो, दही लावताना कालचे थोडे विरजण राखून ठेवता, अगदी तीच ही युक्ती आहे. इंग्लंडातील मँचेस्टर शहरी आर्डर्न व लॉकेट या दोन संशोधकांनी 1914 साली ती जगापुढे मांडली. आज जगभर, आपल्या देशातही, हिच्याच निरनिराळ्या आवृत्त्या चालतात. शेवटी क्लोरीनसारख्या द्रव्याने रोगजंतूंचा नाश करून पाणी सोडतात.

हे विरजण मात्र नाजूक असते. काही तास वीज गेली व हवा बंद पडली की जीवाणू गुदमरू लागतात. स्वयंपाकघरातील तेल-तूप आले की त्यांच्यावर चिकट कवच बसते. घराच्या पागोळ्यांचे पाणी कोणी मैल्याच्या गटाराला जोडले असेल, तर आपल्याकडील मुसळधार पावसात ते सारे विरजण वाहून जाते. पर्यटनाच्या गावात तर आणखी एक पेच आहे. सोमवार ते गुरुवार यंत्रणा अर्धपोटी असते आणि शनिवारी-रविवारी गाड्यांची रांग लागली की तिच्यावर एकदम मेजवानीचा मारा होतो. तेव्हा केंद्र बांधून उद्घाटनाची फीत कापली म्हणजे नदी शुद्ध झाली, असे समजू नये. ते रोज चालवावे लागते आणि त्यात काय सोडावे, काय सोडू नये, हे घराघरातून ठरते.

आपल्या गावचे एक उदाहरण देतो. लोणावळ्याची चिक्की सर्वत्र प्रसिद्ध आहे आणि आपल्यातील काही घरांची चूल तिच्यावर पेटते. पाकाची कढई धुतली की गोड पाणी मोरीत जाते. साखर ही माणसाला गोड आणि जीवाणूंनाही गोड! रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो साखर पूर्णपणे खाऊन टाकण्यास जीवाणूंना 1 किलो 120 ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. म्हणजे सुमारे 1 लक्ष 40 हजार लिटर स्वच्छ पाण्यातील सगळा प्राणवायू त्यात संपतो. कढई धुण्यापूर्वी ती उलथन्याने खरवडून घेतली, खाणावळीत ताटे धुण्यापूर्वी खरकटे वेगळे काढले, वापरलेले तेल मोरीत न ओतता डब्यात साठविले, तर यास पैसा लागत नाही, सवय लागते.

हे सारे नगरपरिषदेचे व शासनाचे काम आहे, आपला त्यात काय संबंध, असा आक्षेप येईल. त्यांचे काम आहेच. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्यासाठी 1969 साली कायदा केला, 1970 साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिले; 1974 साली केंद्राचा कायदा आला. इतके असूनही 2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत 53 आपल्या महाराष्ट्रातील होते, आणि त्यांत इंद्रायणीचे नाव होते. शासनाला जाब विचारणे हा आपला अधिकार आहे; तो आपण बजावावा. पण माझ्या घरामागचा नळ कोणत्याही मंत्र्याने लावलेला नव्हता.

दुसरा आक्षेप असा की, आळंदीस अलीकडे नदीवर पांढऱ्या फेसाचे ढीग दिसतात, ते खालच्या शहरांचे आणि कारखान्यांचे पाप आहे; आपली घाण त्यापुढे किती? बंधूंनो, हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु शेजाऱ्याने चोरी अधिक केली म्हणून आपली चोरी सावकारी ठरत नाही. शिवाय उगमाकाठच्या माणसाने हात धुऊन घेतल्यावाचून खालच्यांना बोट दाखविले, तर ते बोटच प्रथम मलिन दिसते.

आता या नदीकाठचेच एक उज्ज्वल उदाहरण सांगतो. देहूस 1960 च्या सुमारास डॉ. मापुसकर नावाचे तरुण वैद्यकीय अधिकारी आले. तेथील रोग्यांना जंत, हगवण, कावीळ यांनी पछाडलेले पाहून, औषधाने हा रोग हटणार नाही, आधी मैल्याची व्यवस्था लाविली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. सुरुवातीस बांधलेले संडास पावसात निकामी झाले. दुसरा कोणी असता तर बदलीसाठी अर्ज करून निघून गेला असता. ते तेथेच राहिले, चूक कोठे झाली ते शोधले, घरोघर जाऊन लोकांना समजाविले. मैल्यापासून स्वयंपाकाचा गॅस देणारे संडास त्यांनी उभारले आणि सारे आयुष्य या एका कामाला वाहिले. 2015 साली ते निवर्तले. 2017 साली भारत सरकारने त्यांस मरणोत्तर पद्मश्री दिली. त्यांनी ज्यांचा मार्ग पुढे चालविला, ते अप्पासाहेब पटवर्धन तर कोकणचे गांधी म्हणून आपणांस ठाऊक आहेत. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात, मला भंगीकाम करू द्या, म्हणून त्यांनी आग्रह धरला, अन्नाचा त्याग केला. आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी महात्माजींनीही उपवास आरंभिला. पुढे कणकवलीस गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणाऱ्या सुलभ संडासाची रचना सिद्ध केली.

ही उदाहरणे ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून मी मुद्दाम सांगतो आहे. आपण सारे आपापल्या ज्ञातीचा अभिमान बाळगतो. त्यात गैर नाही. परंतु आपली घाण उपसण्याचे काम दुसऱ्या एखाद्या जातीच्या कपाळी लिहिले आहे, या समजुतीवर जो अभिमान उभा असेल, तो अभिमान नव्हे, ते पातक आहे. टाकीत माणूस उतरविला आणि विषारी वायूने तो गुदमरून मेला, अशा वार्ता आजही वृत्तपत्रांत येतात. सुरक्षासाधनांवाचून माणसाला टाकीत वा गटारात उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. कायद्यापूर्वीही तो गुन्हाच होता. फक्त तो लिहिलेला नव्हता.

असो. आता मंडळापुढे मी काही नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, येत्या पाडव्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या घरामागे स्वतः जाऊन आपला नळ कोठे जातो ते पाहावे. त्यास पाच मिनिटे लागतात. मला वीस वर्षे लागली. दुसरी, ज्या आळीत भुयारी गटाराची वाहिनी आली असेल तेथे जोडणी घ्यावी, आणि पागोळ्यांचे पाणी तीत सोडू नये. तिसरी, जेथे वाहिनी नाही तेथे टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीकडूनच उपसून घ्यावी आणि त्या गाडीने तो गाळ कोठे रिता केला, हेही विचारावे. गाळ घाटातील दरीत ओतला गेला, तर आपण केवळ घाणीचा पत्ता बदलला असे होईल. चौथी, ज्यांची खाणावळ, चिक्कीचा कारखाना किंवा भाड्याचा बंगला असेल, त्यांनी मोरीच्या तोंडाशी तेल अडविणारा लहान हौद बांधावा.

पाचवी सूचना थोडी अवघड आहे आणि तिच्याबद्दल मला आपली क्षमा मागितली पाहिजे. आपल्या मंडळाच्या येथील वास्तूवर एक मजला चढविण्याचे आणि दर्शनी बाजूस दगडी कमान उभारण्याचे ठरले आहे. निधीही जमत आहे. एका लग्नात तेथे चारशे पाने उठतात. त्या सर्वांचे पाणी कोठे जाते, हे मी गेल्या महिन्यात मागे जाऊन पाहिले. ते ओढ्यात जाते. माझ्या नळापासून फार लांब नाही. माझी प्रार्थना अशी की, कमान एक वर्ष थांबवावी आणि त्या पैशातून प्रथम वास्तूपुरते लहानसे शुद्धीकरण केंद्र बांधावे. त्यातील निवळलेले पाणी बागेस घालता येईल. कमानीवर देणगीदारांची नावे कोरली जातात आणि या हौदावर कोण नावे वाचणार, असे कोणास वाटेल. त्यावर उत्तर एवढेच की, खालच्या गावांतील आपल्या लेकी ते नाव न वाचताही रोज घेतील.

या कामासाठी माझ्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम मी आजच खजिनदारांकडे देत आहे. ती मोठी नाही. माझ्या घरामागचा तो नळ मी त्याच वर्षी बंद केला, टाकी नव्याने बांधली, आणि पुढील वर्षी पुन्हा मुलांना घेऊन ओढ्याकाठी गेलो. दहाव्या नळाच्या जागी थांबून मुलांनी बाटली भरली. खरे सांगतो, तिचा निळा रंग त्या वर्षीही उडाला. कारण वरचे नऊ नळ तसेच होते. परंतु तो मुलगा चिठ्ठीवर क्रमांक लिहिताना म्हणाला, "गुरुजी, आता नऊच राहिले." त्या नवांपैकी काहींचे मालक या सभागृहात बसलेले आहेत. मी नावे घेणार नाही. पुढील संमेलनात त्यांनी स्वतः उठून आपला आकडा सांगावा, एवढी आशा मी बाळगतो.